चुकलेला चेंडू कोणाचा? बेसबॉलच्या व्हिडिओ गेमसाठी पिचिंगची नियंत्रणे घडवताना

बेसबॉलचा एक छोटा व्हिडिओ गेम बनवण्याचे काम मी जानेवारी २०२४ मध्ये हाती घेतले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो प्रकाशित झाला. या पंधरा महिन्यांपैकी जवळजवळ नऊ महिने एकाच प्रश्नात गेले: पिचरने चेंडू फेकावा यासाठी खेळणाऱ्याच्या बोटांनी नेमके काय करायचे? बॅटिंगची नियंत्रणे तुलनेने लवकर जमली, क्षेत्ररक्षणही जमले. पिचिंग मात्र चार वेळा पूर्ण मोडून नव्याने लिहावे लागले. असे काम पहिल्यांदा करणाऱ्याला आपण वाट चुकलो आहोत असे वारंवार वाटते, आणि त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या चुकलेल्या वाटांचा हिशेब हाताशी असला तर धीर येतो. म्हणून घडले त्या क्रमाने सारे लिहिते आहे. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करत होते. चित्रे आणि आवाज एका मैत्रिणीने केले, बाकी कोड माझा.

पहिले दोन आठवडे मी कोडची एकही ओळ न लिहिता वहीत आकडेमोड केली, आणि हा वेळ सर्वांत उपयोगी ठरला. पिचर ज्या फळीवरून चेंडू फेकतो तिच्यापासून होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, मागच्या टोकापर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर आहे. १८९३ पासून ते तसेच आहे. पिचर पुढे मोठे पाऊल टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास साधारण साडेसोळा मीटरचा उरतो. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने निघालेला फास्टबॉल हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, दाखवणाऱ्या पडद्यावर हा सगळा प्रसंग २४ फ्रेममध्ये संपतो. ताशी ८५ मैलांच्या चेंजअपला, म्हणजे फास्टबॉलसारख्या दिसणाऱ्या पण मुद्दाम हळू फेकलेल्या चेंडूला, साधारण २७ फ्रेम लागतात. ज्या फसवणुकीवर पिचरची कारकीर्द उभी राहते, तिचे मोजमाप पडद्यावर तीन फ्रेम होते हे पाहून मी बराच वेळ वही तशीच उघडी ठेवून बसले होते.

दुसरा आकडा याहून बोलका निघाला. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. साडेसोळा मीटरवर एका अंशाची चूक झाली तर चेंडू २९ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे प्लेटच्या मध्यावर नेम धरून चेंडू सोडताना हाताची दिशा एका अंशाने चुकली, तरी चेंडू प्लेटच्या कडेबाहेर जातो. कंट्रोलरच्या स्टिकवर अंगठ्याने एक अंश राखणे कोणालाच शक्य नाही. तेव्हा स्टिकचा कोन थेट चेंडूच्या कोनाशी जोडायचा नाही, हे पहिल्या पंधरवड्यातच ठरले, आणि तरीही जून महिन्यात मी नेमकी तीच चूक केली. त्याविषयी पुढे येईलच.

पहिला कच्चा नमुना मार्चमध्ये तयार झाला. त्यात बटण दाबून चेंडू सोडायचा आणि हवेत असताना तो स्टिकने डावी-उजवीकडे वळवायचा, अशी सोय होती. ही जुनी पद्धत आहे. १९८६ मध्ये नामकोने काढलेल्या फॅमिली स्टेडियममध्येही चेंडू सुटल्यानंतर वळवता येत असे. पहिला तासभर तिने सगळ्यांना हसवले. मग बॅटिंग करणारे कंटाळू लागले, कारण चेंडूचा मार्ग वाचून काहीच उपयोग नव्हता. तो शेवटच्या क्षणी कुठेही जात होता. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो, आणि त्याचा बाक हातातून सुटतानाच ठरून जातो. फोर-सीम फास्टबॉलला मागच्या बाजूने फिरकी मिळते, त्यामुळे हवा त्याला थोडी उचलून धरते. कर्व्हबॉलची फिरकी उलट असते, म्हणून तो गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त खाली येतो. नकलबॉल जवळजवळ न फिरता येतो आणि शिवणीवरून जाणारी हवा त्याला अनिश्चितपणे हलवते. पिचरचे सारे काम चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच पूर्ण होते. त्यानंतरच्या नियंत्रणाने त्याचे धाडस काढून घेतले जाते, असे माझे मत झाले आणि तो नमुना मी एप्रिलच्या आरंभी बाजूला ठेवला. ज्यांना झटपट रंगणारा गेम करायचा आहे त्यांनी तो जरूर करावा. मला जो गेम हवा होता त्यात तो बसत नव्हता.

त्यानंतर मी मीटरकडे वळले. पट्टीवर एक खूण सरकते. पहिल्या दाबाने ती सुटते, दुसऱ्या दाबाने जोर ठरतो, तिसऱ्या दाबाने अचूकता. गोल्फच्या गेममधून आलेली ही रीत एमव्हीपी बेसबॉल २००३ मुळे बेसबॉलमध्येही चांगली रुळली. ती शिकवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. माझ्या नमुन्यात ती तीन दिवसांत चालू झाली आणि मला वाटले की काम संपले.

मग एका रविवारी माझा मावसभाऊ खेळायला आला. माझ्या मॉनिटरवर त्याने दहापैकी आठ चेंडू नेमक्या जागी टाकले. बाहेरच्या खोलीत टीव्हीला जोडून खेळताना मात्र दहापैकी दोनच चेंडू नेमावर गेले. त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी बरोबर दाबलं होतं." त्याचे खरे होते. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या कॅमेऱ्याने मी बटण दाबणारा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत टिपला आणि दोन्हींमधल्या फ्रेम मोजल्या. मॉनिटरवर ११ फ्रेम, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद आणि टीव्हीवर २६ फ्रेम, म्हणजे सुमारे १०८ मिलिसेकंद. अचूकतेसाठी मी ठेवलेली मुभा होती मागेपुढे ३३ मिलिसेकंद. त्या टीव्हीवर अचूक दाबणे म्हणजे खूण जागेवर दिसण्याआधीच दाबणे. टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर फरक बराच कमी झाला, पण खेळणाऱ्याच्या घरच्या टीव्हीवर तो चालू असेलच अशी खात्री कशी धरायची?

या एका गोष्टीवर तीन आठवडे गेले. शेवटी तालावर बटण दाबायला लावून उशीर मोजणारा छोटा पडदा मी गेमच्या सुरुवातीला घातला. खेळणारा सोळा ठोके ऐकतो, बघतो, दाबतो. त्यांतला मधला फरक मी पुढे प्रत्येक मोजणीतून वजा करते. वेळेवर अवलंबून असणारे कोणतेही नियंत्रण करणार असाल तर हे काम पहिल्या महिन्यातच करा, कारण ते नसताना झालेल्या सगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष मला फेकून द्यावे लागले. मोबाइलने फ्रेम मोजायला एक पैसाही लागत नाही, आणि एका संध्याकाळी उत्तर मिळते.

मीटरचा दुसरा दोष उशीर दुरुस्त केल्यावर दिसला, आणि त्यावर उपाय नव्हता. खेळणाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहिले तर प्रत्येक जण पट्टीकडे बघत होता. बॅटर प्लेटच्या जवळ सरकला आहे, पहिल्या बेसवरचा धावपटू दोन पावले पुढे आला आहे, हे कोणालाच दिसत नव्हते. मैदान, बॅटर, उभे राहण्याची ढब, ही सगळी चित्रे मैत्रिणीने महिनोन् महिने खपून काढली होती आणि खेळ खालच्या कोपऱ्यातल्या एका पट्टीवर चालला होता. मे महिन्याच्या शेवटी मी मीटर काढला. चालू असलेली गोष्ट काढताना हात जड होतो. पण जुना कोड वेगळ्या शाखेत जपून ठेवला की तो जरा हलका होतो.

जूनमध्ये स्टिकचे हावभाव आले. उजवी स्टिक खाली ओढली की पिचर पाय उचलतो, वर ढकलली की चेंडू सुटतो. पहिल्याच संध्याकाळी जाणवले की यात शरीराची लय आहे. पाय उचलण्याचा ताण, क्षणभराचा तोल, मग झेप, हे अंगठ्याला समजत होते, आणि डोळे बॅटरवर राहत होते. मात्र उत्साहाच्या भरात मी ढकलण्याची दिशा नेमाशी जोडली आणि वहीतला एका अंशाचा हिशेब विसरले. अंगठा मुळापासून वळतो, म्हणून 'सरळ वर' ढकलताना तो कमानीत जातो. बहुतेकांचा चेंडू सतत एकाच बाजूला जाऊ लागला. त्यातच जुन्या कंट्रोलरची स्टिक मध्यावर परत येत नव्हती. मधल्या भागातली हालचाल दुर्लक्षित ठेवावी लागते हे मला ठाऊक होते, पण मी ती मर्यादा आडव्या आणि उभ्या अक्षांना स्वतंत्रपणे लावली होती. त्यामुळे तिरकी दिशा आपोआप सरळ अक्षाकडे ओढली जात होती. ती मर्यादा वर्तुळाकार ठेवायला हवी. हे शोधण्यात माझे नऊ दिवस गेले आणि दोन नवे कंट्रोलर घ्यावे लागले, कारण दोष कोडचा की यंत्राचा हे एकाच जुन्या कंट्रोलरवर ठरवता येत नव्हते.

ऑगस्टपर्यंत नेम आणि फेक मी वेगळे केले होते. आधी डाव्या हाताने जागा निवडायची, मग उजव्या हाताने फक्त लय सांभाळायची. प्रश्न एकच उरला होता, पण तोच सर्वांत अवघड होता: चेंडू चुकायचा कसा?

तोपर्यंत चूक मी फाशाने, म्हणजे यादृच्छिक आकड्याने, ठरवत होते. पिचर जितका कुशल, तितकी नेमाभोवतीची विखुरण लहान. गणित नेटके होते आणि आकृती सुंदर दिसत होती. पण खेळणाऱ्यांच्या तोंडी पुन्हा तेच वाक्य आले: "मी बरोबर सोडला होता." या वेळी टीव्हीचा दोष नव्हता. लय अचूक असतानाही फासा त्यांचा चेंडू मधोमध नेत होता आणि बॅटर तो कुंपणापार टोलवत होता. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा अन्यायच आहे. मग मी फासा पूर्ण काढला. दोन दिवसांत सरावलेला प्रत्येक जण प्रत्येक चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे प्लेटवरच्या वैध फेकीच्या चौकटीच्या, कोपऱ्यावर ठेवू लागला आणि बॅटिंग करण्यात अर्थ उरला नाही. सप्टेंबरचा पूर्ण महिना मी या दोन टोकांमध्ये ये-जा करत काढला. काम सोडून द्यावे असे मला मनापासून वाटले तो काळ हाच.

उत्तर खऱ्या पिचिंगच्या निरीक्षणात होते, आणि ते मी जानेवारीतच वहीत टिपले होते. उजव्या हाताचा पिचर चेंडू वेळेआधी सोडतो तेव्हा तो वर आणि हाताच्या बाजूला निसटतो. उशिरा सोडतो तेव्हा खाली आणि विरुद्ध बाजूला जातो, कधी प्लेटपूर्वी मातीत आपटतो. म्हणजे चुकीला दिशा असते आणि त्या दिशेत चुकीचे कारण असते. मी फाशाऐवजी हाच नियम लिहिला. लय दोन फ्रेमच्या आत असली तर चेंडू नेमावर. त्याआधी सुटला तर जितका आधी तितका वर आणि बाहेर. नंतर सुटला तर खाली. पिचरच्या कौशल्याने विखुरण ठरण्याऐवजी आता मुभेची रुंदी ठरू लागली. शंभर चेंडूंच्या आसपास ती हळूहळू आखडत जाते, आणि त्याच वेळी पिचरचा पाय उचलण्याचा वेगही किंचित मंदावतो, त्यामुळे सवयीने दाबणारा अंगठा आपोआप लवकर सोडतो. दमलेल्या पिचरचे चेंडू वर राहू लागतात ते असे. पडद्यावर दमण्याची पट्टी मी दाखवत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मावसभाऊ पुन्हा आला. सातव्या डावात त्याचा स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा वेगवान चेंडू, वर राहिला आणि बॅटरने तो टोलवला. तो स्वतःशीच पुटपुटला, "घाई केली मी." ते ऐकून मी चाचणी थांबवली आणि चहा टाकायला उठले, कारण त्यापुढे त्या दिवशी काही तपासायचे नव्हते.

याच सुमारास एक चाचणी अशी झाली की तिने सगळा गेम बदलला. खेळणाऱ्या एका बाईंच्या उजव्या अंगठ्यात पुरेशी ताकद नव्हती. स्टिक ओढून ढकलणे त्यांना जमत नव्हते. त्यांच्यासाठी मी एका बटणाची पद्धत केली: दाबून धरले की पाय उचलला जातो, सोडले की चेंडू सुटतो. मोजणी तीच, नियम तोच, फक्त हावभाव नाही. महिनाअखेरीस पाहिले तर चाचणीला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःहून तीच पद्धत निवडत होते, आणि कीबोर्डवर खेळणाऱ्यांनाही ती कोणताही बदल न करता चालत होती. लय महत्त्वाची होती, स्टिक नव्हती. नोव्हेंबरपासून एक बटण हीच मुख्य पद्धत झाली आणि स्टिक पर्यायांत गेली. ज्यांना एखादी क्रिया करता येत नाही त्यांच्यासाठी सोय करणे शेवटी ठेवू नका. मी ते पहिल्या नमुन्यापासून केले असते तर जून-जुलै वाचले असते.

एकाच पडद्यावर दोघे खेळतात तेव्हाचा पेच वेगळा होता. पिचरने निवडलेली जागा पडद्यावर दाखवली तर शेजारी बसलेल्या बॅटरलाही ती दिसते. न दाखवली तर पिचरलाच कळत नाही. खऱ्या खेळातही कोणता चेंडू टाकायचा हे सांगणाऱ्या खुणा चोरल्या जाण्याची भीती जुनीच आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, २०२२ पासून कॅचरला, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला, पिचकॉम या यंत्राने खूण पिचरच्या कानापर्यंत पोचवता येते. मी कंट्रोलरच्या कंपनाचा आधार घेतला. झोनचे नऊ चौकोन केले. डावा स्तंभ एक ठोका, मधला दोन, उजवा तीन, आणि उंचीसाठी लहान, मध्यम आणि लांब कंपन. शिकायला पंधरा मिनिटे लागतात. ज्यांना कंपन जाणवत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी चौकोन पाव सेकंद उजळण्याचा पर्याय ठेवला. तो पुरेसा गुप्त नाही, पण दोघांनी ठरवून वापरला तर चालतो. फेकण्याआधी किती वेळ घ्यायचा यावर मी मेजर लीगचाच नियम लावला: बेस रिकाम्या असताना १५ सेकंद, धावपटू असताना १८. हे घड्याळ तिथे २०२३ मध्ये आले, तेव्हा दुसरी मर्यादा २० सेकंद होती, २०२४ मध्ये ती १८ झाली. गेममध्ये त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. वेळ संपत आल्यावर बॅटरला थांबवून धरणे आणि अचानक फेकणे, दोन्ही शक्य झाले.

कागदपत्रांचा भाग डिसेंबरपासून चालला. संघांची नावे आणि चिन्हे मेजर लीगची असतात, खेळाडूंच्या नावांचे आणि चेहऱ्यांचे सामूहिक हक्क खेळाडूंच्या संघटनेकडून घ्यावे लागतात. म्हणजे परवाने दोन, आणि दोन्ही माझ्या आवाक्याबाहेरचे. म्हणून सगळे संघ काल्पनिक ठेवले. कर्व्हबॉल, स्लायडर ही नावे मात्र कोणाच्या मालकीची नाहीत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवण्यासाठी प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गेमची समायोजित कमाई किमान १००० डॉलर झाल्यावर ते परत मिळतात. ओळख, बँक आणि कर यांची माहिती द्यावी लागते. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीला कराचा डब्ल्यू-८ बीईएन अर्ज भरावा लागतो. माझ्या नावाचे स्पेलिंग बँकेत एक आणि ओळखपत्रावर दुसरे होते, मी ते आधी पाहिले नव्हते, आणि ते दुरुस्त होईपर्यंत बारा दिवस गेले. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्या. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' असे पान किमान दोन आठवडे उघडे असावे लागते. मी फेब्रुवारीत पैसे भरले आणि ते तीस दिवस शिकवणीचा पहिला डाव लिहिण्यात घालवले.

त्या शिकवणीत लेखी सूचना जवळजवळ नाहीत. पहिल्या बारा चेंडूंना बॅटर नसतो, फक्त कॅचरचा हातमोजा असतो. चेंडू वर गेला की कॅचर उठून तो घेतो आणि तळहात खाली दाबून 'सावकाश' अशी खूण करतो. मातीत गेला की हात पुढे करतो. यासाठी मैत्रिणीला सहा नव्या हालचाली काढाव्या लागल्या आणि तिने त्या एका आठवड्यात दिल्या. एकूण खर्च पाहिला तर १०० डॉलर, दोन कंट्रोलर आणि तिचे ठरलेले मानधन. बाकी सारा वेळ.

गेम एप्रिलमध्ये आला. पाचव्या दिवशी एका अनोळखी खेळाडूचा संदेश आला की डावखुऱ्या पिचरचा लवकर सुटलेला चेंडू चुकीच्या बाजूला जातो. तो डाव्या हाताच्या बाजूला जायला हवा, उजव्या हाताच्या बाजूला नाही. मी ताबडतोब तपासले. डावखुऱ्यांसाठी दिशा उलटवणाऱ्या ओळीत एक वजा चिन्ह राहून गेले होते. ही चूक ना माझ्या लक्षात आली होती, ना चाचणीला आलेल्या कोणाच्या. त्याने नुसता चेंडू कुठे जातो हे पाहून ती ओळखली होती. मी त्याच रात्री दुरुस्ती चढवली आणि त्याला लिहिले की आता एकदा टाकून बघा, मुद्दाम जरा लवकर सोडून.